काकवी, चायना ग्रास आणि नेग्रोनी : घरच्या जेली शॉटची मापे

कॉकटेलच्या पारंपरिक कृतीत एक महत्त्वाचा घटक कधीच लिहिलेला नसतो, आणि तो म्हणजे पाणी. नेग्रोनी हे कॉकटेल म्हणजे जिन, कंपारी (लाल, कडवट मद्य) आणि गोड व्हर्मूथ (वनस्पतींचा स्वाद दिलेली वाइन) समप्रमाणात, असे सगळीकडे छापलेले असते; पण ते बर्फावर ढवळताना मूळ मापाच्या पाव ते निम्मे पाणी त्यात मिसळते आणि त्यानंतरच त्या तीन मद्यांचा तिखटपणा उतरून पेय पिण्याजोगे होते. जेली शॉट, म्हणजे कॉकटेल जेलीसारखे थिजवून केलेली वडी, करताना बर्फ नसतो. म्हणून पुस्तकी मापे घेऊन, त्यात जिलेटिन विरघळवून, सगळे फ्रिजमध्ये ठेवले तर हाती येते ती जहाल, कडवट आणि नीट न थिजलेली वस्तू. घरी जेली शॉट करणाऱ्यांपैकी अनेक जण इथेच कंटाळतात आणि तयार स्ट्रॉबेरी जेलीच्या पाकिटात व्होडका ओतण्याकडे वळतात. त्या प्रकाराला माझा विरोध नाही, परंतु त्यात कॉकटेल उरत नाही. कृत्रिम इसेन्सचा वास तेवढा उरतो.

माझी साधी पद्धत अशी आहे की जेली बसवण्यासाठी जे पाणी उकळावे लागते, तेच बर्फाच्या वाटणीचे पाणी धरायचे. एवढे ध्यानात घेतले की प्रत्येक कॉकटेलचे गणित स्वतःच मांडता येते. दुसरी गोष्ट गोडीची. थंड पदार्थात गोडी दबते, आणि जेलीत तर चव जिभेवर सावकाश मोकळी होते, त्यामुळे पेयात पुरेशी वाटणारी साखर वडीत कमी पडते. कडू चव मात्र तितकी दबत नाही. म्हणून मिश्रण कोमट असताना चाखल्यावर ते किंचित जास्त गोड आणि किंचित जास्त आंबट लागले पाहिजे. तिसरी गोष्ट सुगंधाची. ग्लासातल्या पेयाचा निम्मा आनंद नाकाला मिळतो, वडीत तो कोंडून राहतो, आणि त्यावर उपाय म्हणून संत्र्याची किंवा लिंबाची साल वाढण्याच्या क्षणी वरून किसावी लागते.

मद्याची जेली हा काही आजकालचा चाळा नव्हे. अमेरिकेतील जेरी थॉमस या प्रसिद्ध बारटेंडरच्या १८६२ सालच्या पुस्तकात पंच जेलीची कृती आहे. ती आयझिंग्लासने, म्हणजे माशाच्या वाताशयापासून काढलेल्या पदार्थाने, बसवलेली असून या जेलीतली मद्याची ताकद खाणाऱ्याला कळत नाही, असा इशाराही त्याने तिथेच देऊन ठेवला आहे. तयार जेलीची भुकटी त्यानंतर कितीतरी वर्षांनी, १८९७ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या लरॉय गावी पर्ल वेट याने बाजारात आणली. थॉमसचा इशारा आजही तसाच लागू पडतो. त्याकडे पुढे येतेच.

आता खरा प्रश्न : जिलेटिन की चायना ग्रास? पाश्चात्त्य कृतींत जिलेटिन गृहीत धरलेले असते. ते जनावरांच्या कातडी-हाडांतल्या कोलॅजनपासून बनते, आणि आपल्याकडच्या बैठकीत ग्लासाला हात लावणारे पण मटणाच्या ताटाकडे न बघणारे दोघेतिघे तरी असतातच. त्यांच्यासमोर जिलेटिनची वडी ठेवणे मला प्रशस्त वाटत नाही. चायना ग्रास, म्हणजेच अगर-अगर, हे लाल समुद्री शेवाळापासून काढलेले असते, पूर्णपणे शाकाहारी असते, आणि कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या कोणत्याही मोठ्या किराणा दुकानात तारांच्या किंवा भुकटीच्या रूपात मिळते. चीक मिळाला नाही की दुधात हेच घालून खरवसाची हौस भागवणारी घरे कोल्हापुरात कमी नाहीत, तेव्हा आपल्या स्वयंपाकघराला ते परके नाही.

दोन्हींचा स्वभाव अगदी वेगळा आहे. जिलेटिन थंड पाण्यात भिजवून कोमट द्रवात विरघळते, ते थिजायला फ्रिज लागतो आणि तिशीच्या पुढच्या तापमानाला ते पुन्हा वितळू लागते. तोंडात घातल्यावर ते जे विरघळते, त्याची मजा चायना ग्रासला नाही, हे मान्यच करावे लागेल. उलट चायना ग्रास उकळत्या पाण्यातच विरघळते, ३५-४० अंशांच्या आसपास आपोआप थिजते आणि एकदा थिजले की साधारण ८५ अंशांपर्यंत हलत नाही. मे महिन्यातल्या रात्री गच्चीवर ताट मांडून गप्पा रंगल्या, तर जिलेटिनच्या वड्यांचे अर्ध्या तासात सरबत होते आणि चायना ग्रासच्या वड्या तासाभराने उचलल्या तरी कडा धरून असतात. आपल्या हवेला आणि आपल्या पंगतीला चायना ग्रासच सोयीचे आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. ज्यांना जिलेटिनच वापरायचे असेल त्यांनी एक कप, म्हणजे २४० मिलिलिटर मिश्रणाला सात ग्रॅम भुकटी घ्यावी. मद्यामुळे जिलेटिनची पकड सैल होते, म्हणून हे माप साध्या जेलीच्या जवळजवळ दुप्पट आहे.

चायना ग्रासचे माप भुकटीसाठी सांगते, कारण तारांचा जोर ब्रँडगणिक बदलतो. ४०० मिलिलिटर मिश्रणाला तीन ग्रॅम भुकटी पुरते. चार ग्रॅम घातली तर सुरीने कापलेली कड काचेसारखी येते, पण खाताना वडी तुटक आणि कोरडी लागते. मोजलेले पाणी पातेल्यात गार असतानाच भुकटी घालून ढवळावे आणि मग गॅस लावावा. उकळत्या पाण्यात भुकटी टाकली तर गुठळ्या होतात आणि त्या पुढे कितीही घोटल्या तरी मोडत नाहीत. उकळी आल्यावर दोन-तीन मिनिटे मंद आचेवर ढवळत राहावे. सुरुवातीला पाण्यात बारीक पारदर्शक कण तरंगताना दिसतात, ते चमच्याच्या पाठीवर घेऊन प्रकाशात पाहावेत. चमच्यावरचा थर एकसारखा, कणविरहित दिसला की काम झाले. या उकळण्यात थोडे पाणी उडते, म्हणून मोजपात्रात ओतून कमी झालेले पाणी भरून काढावे.

आता गॅस बंद. याबाबतीत मी कडक आहे, कारण मद्यार्क ७८ अंशांना उकळतो, त्याची वाफ पेट घेते, आणि शिवाय ज्यासाठी आपण पैसे मोजले तेच उडून जाते. साखर किंवा काकवी या टप्प्यावर विरघळवावी, पातेले ओट्यावर पाच-सहा मिनिटे निवू द्यावे आणि मग मद्य बारीक धारेने, सतत ढवळत घालावे. मद्य फ्रिजमधले नसावे. गार जिन गरम अगरच्या पाण्यात पडली की जागच्या जागी शेवयांसारख्या तारा थिजतात आणि सगळे मिश्रण फाटल्यासारखे दिसते. तसे दिसू लागलेच तर पातेले गरम पाण्याच्या परातीत ठेवून ढवळावे, आणि तेवढ्याने न भागल्यास ते मिश्रण गाळून सरबतासारखे वापरावे. बाटली तासभर आधी बाहेर काढून ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय. लिंबाचा रस सगळ्यांत शेवटी. आम्लात अगर उकळले तर त्याची पकड जाते. साच्यात ओतण्यापूर्वी चमचाभर मिश्रण फ्रिजमधल्या गार बशीवर टाकून पाहावे. मिनिटभरात ते थिजते, बोटाने ढकलले की त्यावर सुरकुती न पडता अख्खे सरकते, आणि चवही त्याच वेळी कळते. कमी-जास्त करायला एवढीच संधी असते.

कोल्हापुरात बसून जेली शॉट करायचे आणि उसाला विसरायचे, हे शक्य नाही. डाक्विरी हे क्युबातले, सांतियागोजवळच्या किनाऱ्याचे नाव मिरवणारे कॉकटेल मुळातच उसाच्या घरातले आहे : रम उसाच्या मळीची, साखर उसाची, आणि तोल सांभाळायला लिंबू. त्यातल्या साखरेच्या पाकाच्या जागी आपली काकवी घातली की काहीही ओढूनताणून केल्यासारखे वाटत नाही. गुऱ्हाळावर गूळ आळण्याआधी काहिलीतून काढलेली ही काकवी पातळ असते, लगेच मिसळते आणि डार्क रमच्या जळक्या, मनुकेदार चवीला ती जशी साथ देते तशी पांढरी साखर देत नाही. मूळ डाक्विरीत हलकी पांढरी रम असते, हे मला ठाऊक आहे. तरीही काकवीबरोबर मी जुनी काळीच वापरते, आणि शुद्धतावाद्यांनी याला वेगळे नाव द्यायचे ठरवले तर माझी हरकत नाही. माप असे : १७० मिलिलिटर पाण्यात तीन ग्रॅम चायना ग्रास, ५० मिलिलिटर काकवी, १५० मिलिलिटर रम आणि ४० मिलिलिटर लिंबाचा रस. यात चिमटीभर मीठ अवश्य घालावे. काकवीचा हंगाम गुऱ्हाळांबरोबर संपतो, तेव्हा उन्हाळ्यात भौगोलिक मानांकन मिळालेला आपला गूळ किसून, थोड्या गरम पाण्यात विरघळवून, गाळून घ्यावा. गाळण्याचा आळस केला तर वडीच्या तळाशी काळसर गाळ बसतो. गूळ घेताना पिवळाधमक न घेता तांबूस, गडद घ्यावा, कारण इथे रंगाहून चवीला महत्त्व आहे.

नेग्रोनीला मात्र मी हात जोडून सांगते की तिच्यात काही कोल्हापुरी करू नका. जिन, कंपारी आणि गोड व्हर्मूथ प्रत्येकी ६० मिलिलिटर, ११० मिलिलिटर पाणी, दोन ग्रॅमहून किंचित जास्त चायना ग्रास आणि दोन चमचे साखर, एवढेच. साखर मूळ कृतीत नाही, पण थंड वडीत कंपारीचा कडवटपणा एकटाच पुढे येतो, म्हणून ती हवी. हे मिश्रण सालीच्या वाटीत बसवले तर दिसायलाही देखणे होते. नागपुरी संत्र्याची साल सुटी आणि पातळ असल्याने वाटी फाटते. मोसंबे त्यासाठी उत्तम. फळ आडवे कापून, रस काढून, आतला पांढरा पडदा चमच्याने खरवडून घ्यावा, वाट्या बर्फाच्या ट्रेच्या खाचांत किंवा चहाच्या लहान कपांत टेकवून सरळ बसवाव्यात आणि काठोकाठ भराव्यात. थिजल्यावर ओल्या, धारदार सुरीने त्याच्या फोडी कापल्या की लालभडक गर असलेल्या फळाच्या फोडी ताटात मांडल्यासारख्या दिसतात. माझे धाकटे दीर पहिल्यांदा ती फोड हातात घेऊन म्हणाले, “वैनी, हे खायाचं का प्यायाचं?” आणि उत्तराची वाट न पाहता सालीसकट चावून मोकळे झाले. साल खायची नसते, हे तेव्हापासून मी आधीच सांगते.

मार्गारिटाही याच पद्धतीने लिंबाच्या वाट्यांत होते. तिचे माप टकीला ५०, ट्रिपल सेक (संत्र्याच्या स्वादाचे गोड मद्य) २० आणि लिंबाचा रस १५ मिलिलिटर असे सांगितलेले असते. त्यात निम्म्याहून थोडे जास्त पाणी आणि चवीपुरती साखर धरावी. मीठ आधीपासून भुरभुरून ठेवू नये, कारण मिठामुळे वडीला पाणी सुटते आणि ताटात तळे साचते. वाढताना मिठात थोडे संकेश्वरी मिरचीचे तिखट मिसळून फोडीच्या कडेला लावावे. मेक्सिकोतही मीठ-मिरची-लिंबू ही त्रयी नवी नाही, आपल्याला तर नाहीच.

पिना कोलाडा हे पोर्तो रिकोचे पेय आहे, १९७८ मध्ये तिथे त्याला अधिकृत राष्ट्रीय पेयाचा मान मिळाला. जेलीसाठी ते विशेष बोधप्रद ठरते, कारण ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचे प्रथिन तोडणारे विकर असते. जिलेटिन हे प्रथिनच असल्यामुळे ताज्या अननसाच्या रसात ते कधीच थिजत नाही. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले तरी सकाळी पातळच. पपई, किवी, अंजीर आणि आल्याच्या ताज्या रसाचीही तीच कथा. रस उकळून घेतला तर विकर निकामी होते, परंतु अननसाची ताजी चवही त्याबरोबर जाते. चायना ग्रास हे प्रथिन नसून एक प्रकारचे पिष्टमय द्रव्य असल्याने त्याला या विकराची बाधा होत नाही, आणि म्हणून ताज्या रसाचा पिना कोलाडा त्यातच करावा. मी तो दोन थरांत करते : खाली अननस आणि रम, वर नारळाचे दाट दूध आणि साखर. थर लावताना एक काळजी घ्यावी लागते. खालचा थर पूर्ण गार होऊन गुळगुळीत झाला, तर वरचा त्याला धरत नाही आणि कापताना दोन वड्या वेगळ्या होतात. खालच्या थरावर साय धरल्यासारखा पृष्ठभाग आला, पण आत अजून ऊब आहे, अशा वेळी वरचे गरम मिश्रण चमच्याच्या पाठीवरून हळूच सोडावे. वेळ चुकण्याची भीती असेल तर काट्याने खालचा थर हलका ओरखडून घ्यावा.

कॉस्मोपॉलिटनमधल्या क्रॅनबेरीला आपल्याकडे कोकमासारखा पर्याय नाही. गगनबावड्याच्या घाटातून खाली उतरले की कोकण, त्यामुळे आगळ, म्हणजे कोकमाचा दाट रस, कोल्हापुरात बारमाही मिळतो. आगळात बहुधा मीठ असते, म्हणून तो बेताने घालून साखर वाढवावी. व्होडका, ट्रिपल सेक, लिंबू आणि कोकम यांची वडी जांभळट माणकाच्या रंगाची येते. माझ्या घरी हीच सर्वांत आधी संपते. दाट कॉफी, व्होडका आणि साखर यांची, वर कन्डेन्स्ड मिल्कचा पातळ थर दिलेली वडी त्याखालोखाल; मूळची एस्प्रेसो मार्टिनी लंडनमध्ये १९८० च्या दशकात डिक ब्रॅडसेल या बारटेंडरने तयार केली.

काही कॉकटेलांच्या वाटेला मात्र जाऊ नये. मोहितोचा जीव सोड्याच्या बुडबुड्यांत आणि चुरडलेल्या पुदिन्यात असतो. बुडबुडे गरम अगरमध्ये पडताच उडून जातात आणि पुदिना काळा पडतो. ड्राय मार्टिनीत गोडी नाही, आंबटपणा नाही, आणि पाणी वाढवले की काहीच नाही. ओल्ड फॅशन्ड ही तासभर हातात धरून बसायची गोष्ट आहे, तिची वडी करणे म्हणजे तिचा अपमान. जिन-टॉनिकचे बुडबुडे जातात हे खरे, तरी टॉनिकमधल्या क्विनीनमुळे त्याची वडी अतिनील दिव्याखाली निळी चमकते, तेवढ्या गमतीसाठी एखाद्या वेळी करायला हरकत नाही.

ताकदीचे गणित आधी करून ठेवावे. आपल्याकडची रम, जिन, व्होडका बहुधा ४२.८ टक्के मद्यार्काची असते. वर दिलेल्या काकवीच्या डाक्विरीत एकूण प्रमाण १६ टक्क्यांच्या आत-बाहेर येते; त्या मिश्रणाच्या सोळा वड्या पाडल्या तर तीन वड्यांत जवळजवळ एक छोटा पेग पोटात जातो. घोट घेताना घशाला जी जाणीव होते ती वडी खाताना होत नाही, शिवाय परिणाम जाणवायला वेळ लागतो, आणि तोवर माणूस आणखी चार खाऊन बसलेला असतो. म्हणून मी वड्या लहानच पाडते आणि ताट सगळ्यांच्या मध्ये न ठेवता स्वतः फिरवते. महाराष्ट्रात बीअर आणि वाइनसाठी २१, तर इतर मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात, परवाना लागतो, आणि या वड्या विकायच्या म्हटल्या तर तो वेगळाच कायदेशीर विषय होतो. लहान मुले घरात असतील तर त्यांच्यासाठी कोकम सरबताच्या वड्या निराळ्या साच्यात, निराळ्या आकाराच्या कराव्यात आणि आधी वाढून मोकळे व्हावे. इथल्या कोल्ड्रिंक हाउसमधल्या कॉकटेल आइस्क्रीमवर जेलीचे रंगीत तुकडे पाहून वाढलेल्या मुलांना ताटातली चौकोनी जेली आपलीच वाटणार, यात त्यांचा दोष नाही. मोठ्यांच्या वड्या फ्रिजच्या सर्वांत वरच्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात राहतात.

जेली शॉट जेवणाआधी द्यावेत. तांबड्या रश्श्याने जीभ एकदा पेटली की नेग्रोनीचा कडूपणा आणि कोकमाचा आंबटपणा यांतला फरक कोणालाच कळत नाही. सुक्या मटणाबरोबर चालणारी एकच वडी मला सापडली आहे, ती म्हणजे काकवीची, कारण तिखटावर गोड-आंबट बरे वाटते. वड्या ज्या दिवशी खायच्या त्याच दिवशी दुपारी कराव्यात. दुसऱ्या दिवशी त्यांना पाणी सुटते, तिसऱ्या दिवशी त्या आकसून चिवट होतात. उरल्याच तर चायना ग्रासच्या वड्या पुन्हा गरम करून साच्यात घालण्याचा उद्योग करू नये, कारण ते वितळण्याइतके तापवेपर्यंत मद्यार्क उडालेला असतो. त्या बारीक चिरून गार सोड्यात घालाव्यात आणि चमच्यासह ग्लास द्यावा.